लिहिणारा निनावी, छापणारा फासावर: १६६० ते १६९५ चं लंडन

जुळारीनात
माझे आजोबा जुळारी होते, म्हणजे छापखान्यात एकेक खिळा उचलून ओळी जुळवणारे. त्यांना कुठलाही मजकूर उलटा, आरशातल्यासारखा भराभर वाचता यायचा. लहानपणी ते मला कुठलंही पत्रक दाखवून तळाची बारीक ओळ वाचायला लावायचे, मुद्रक अमुक, मुद्रणस्थळ तमुक. आपल्याकडे १८६७ च्या कायद्याने ही ओळ सक्तीची केली होती. लग्नपत्रिकेवर प्रेसचं नाव का, असं विचारलं की म्हणायचे, कोणाला पकडायचं ते कळायला.

हे इतकं लक्षात राहिलंय की गेले काही महिने सतराव्या शतकाच्या शेवटच्या इंग्लंडमधल्या पत्रकबाजीबद्दल वाचताना मी सारखी तळाची ओळच शोधतेय. त्यावरच हा धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

जॉन ट्विन नावाचा एक मुद्रक होता, लंडनमध्ये स्मिथफील्डजवळ क्लॉथ फेअर म्हणून गल्ली आहे तिथे त्याचा छापखाना. ऑक्टोबर १६६३, पहाटे चारच्या सुमाराला रॉजर लेस्ट्रेंज माणसं घेऊन दारात आला, हा सरकारचा छापखान्यांवरचा देखरेख अधिकारी. आत प्रेस चालू असल्याचा आवाज ऐकत ते बाहेर थांबले, मग दार ठोठावलं. दार उघडेपर्यंत आतल्यांनी जुळवलेला फर्मा (खिळ्यांची चौकट) मोडून टाकला, छापलेले कागद लपवायची धावपळ केली, पण सगळे लपले नाहीत. मजकूर असा होता की राजा जुलमी असेल तर प्रजेने त्याला जाब विचारावा, आणि गरज पडली तर शस्त्र घेऊन. पहिल्या चार्ल्सचं डोकं उडवून तेव्हा पंधरा वर्षंही झाली नव्हती आणि त्याचा मुलगा गादीवर होता, म्हणजे हा मजकूर केवढा स्फोटक ते समजून घ्या.

खटला फेब्रुवारी १६६४ मध्ये ओल्ड बेलीला, म्हणजे लंडनच्या फौजदारी कोर्टात. ट्विन म्हणाला मी गरीब माणूस, लहान पोरं आहेत, मजकुरातला शब्दही मी वाचला नाही. त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला उभा कोण, तर जोसेफ वॉकर, त्याच्याच हाताखाली काम शिकणारा उमेदवार. ट्विनने दयेसाठी रदबदली करायला विनवलं तर न्यायाधीश हाइड म्हणाला, या प्रकरणात मी माझ्या सख्ख्या बापासाठीसुद्धा रदबदली करणार नाही. लेखकाचं नाव सांग म्हणून शेवटपर्यंत दबाव होता, त्याने सांगितलं नाही. फाशी, मग देहाचे तुकडे, डोकं लडगेटच्या वेशीवर आणि बाकीचे तुकडे शहराच्या इतर वेशींवर.

आणि ते लिहिणारा? तो कधी सापडलाच नाही.

मी दोन दिवस हे डोक्यातून काढू शकले नाही. त्या काळाबद्दल आपण वाचतो तेव्हा लॉक, मिल्टन, ड्रायडन, सगळे लिहिणारे. पण कायद्याच्या तावडीत पहिला सापडायचा तो शाईने हात काळे झालेला माणूस, किंवा त्याची बायको, किंवा पुस्तकं शिवणारा. वाचलेले लोक असतील तर भर घाला, चुकत असेन तर दुरुस्त करा.

पेठेतला_वाचक
वाखुसा (वाचनखूण साठवली). एकच शंका, हे पत्रक म्हणजे नक्की केवढं? हँडबिल की पुस्तक?

जुळारीनात
@पेठेतला_वाचक बहुतेक वेळा एक किंवा दोन ताव. एक मोठा ताव दोनदा घडी घातला की चार पानं, म्हणजे आठ पृष्ठं. बाइंडिंग नाही, नुसते दोन टाके. दोन माणसं लाकडी हातप्रेसवर, एक शाई लावणार, एक दांडा ओढणार, कागदाची एक बाजू तासाला साधारण अडीचशे हा त्यांचा हिशोब असायचा. म्हणजे एका तावाचं पत्रक संध्याकाळी जुळवायला घेतलं तर दुसऱ्या रात्रीपर्यंत हजारभर प्रती रस्त्यावर. किंमत एक पेनीपासून पाच-सहा पेन्सपर्यंत. कागद बराचसा फ्रान्सहून यायचा आणि खर्चातला मोठा वाटा तोच, म्हणून धाडीत कागद जप्त झाले की लहान छापखाना तिथेच बसायचा, खटला पुढची गोष्ट.

कायदेपंडित_नाही
छान धागा. कायद्याची बाजू थोडी सांगतो कारण त्याशिवाय ट्विनचं प्रकरण नीट कळत नाही. १६६२ चा लायसन्सिंग कायदा. काहीही छापण्याआधी परवानगी, परवानगी देणारे कोण तर विषयानुसार वेगवेगळे, धर्माचं असेल तर कँटरबरीचे आर्चबिशप आणि लंडनचे बिशप, कायद्याचं असेल तर वरचे न्यायाधीश वगैरे. लंडनमध्ये मुख्य मुद्रकांची संख्या वीसवर आणायची, बाहेर फक्त ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि यॉर्क. मुद्रकाने स्वतःचं नाव छापायचं आणि विचारलं तर लेखकाचं नाव सांगायचं. तुमच्या आजोबांची तळाची ओळ ती हीच.

ट्विनवर मात्र या कायद्याखाली खटला नव्हता, थेट राजद्रोह. छापणं म्हणजे राजाला मारायचा कट उघड कृतीत आणणं असा अर्थ लावला गेला. पुढे १६८३ मध्ये अल्जरनॉन सिडनीच्या वेळी तर न छापलेलं, टेबलावर सापडलेलं हस्तलिखितच पुरावा धरलं. राजद्रोहाला दोन साक्षीदार लागायचे, एकच होता, तर दुसरा साक्षीदार म्हणून कागद उभा केला आणि न्यायाधीश जेफ्रीज म्हणाला लिहिणं हीच कृती. सिडनीचा शिरच्छेद झाला. तेव्हा लिहिणारे सुटायचेच असं सरसकट म्हणता येणार नाही.

जुळारीनात
मान्य, सिडनी सुटला नाही. पण तो उमरावाचा मुलगा आणि त्याच्या शब्दांसाठी लोक आजही त्याचं नाव घेतात. ट्विनच्या बरोबर त्याच दिवसांत खटला चाललेले थॉमस ब्रूस्टर (पुस्तकविक्रेता), सायमन डोव्हर (मुद्रक), नेथन ब्रुक्स (पुस्तकं बांधणारा), ही नावं कोण घेतं? दंड, खोड्यात उभं करणं, तुरुंग. ब्रूस्टर तर त्याच वर्षी तुरुंगातच वारला.

स्पष्टच_बोलतो
थोडी वेगळी बाजू मांडतो, राग नसावा. लेस्ट्रेंज खलनायक आणि छापणारे बिचारे असं चित्र उभं राहतंय ते मला अर्धवट वाटतं. त्या पिढीने १६४० च्या दशकातलं यादवी युद्ध पाहिलं होतं, त्याआधी चर्चविरुद्ध, बिशपांविरुद्ध पत्रकांचा पूर आला होता आणि लोकांना मनापासून वाटत होतं की हे युद्ध कागदावर आधी सुरू झालं. लेस्ट्रेंज स्वतः त्या युद्धात राजाच्या बाजूने पकडला जाऊन मरणाच्या शिक्षेच्या छायेत काही वर्षं तुरुंगात होता, त्याची भीती नाटकी नव्हती.

आणि दुसरं, १६७८ चा पोपचा कट. टायटस ओट्सने ठोकून दिलं की जेझुइट (एका कॅथलिक संघाचे पाद्री) राजाला मारून इंग्लंड कॅथलिक करणार आहेत. सगळं खोटं. पण त्याच सुमारास ज्याच्यापुढे ओट्सने शपथेवर जबानी दिली होती तो मॅजिस्ट्रेट सर एडमंड गॉडफ्री प्रिमरोझ हिलवर मेलेला सापडला आणि मग काय, छापखाने पेटले. १६७९ मध्ये परवानगीच्या कायद्याची मुदत संपली आणि राजाने संसदेचं अधिवेशनच संपवल्याने वाढवता आली नाही, म्हणजे आता परवानगीची अटही नाही. कटाच्या नव्या नव्या हकिकती, जबान्या, चित्रं, आणि दर १७ नोव्हेंबरला एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणदिनी पोपचा पुतळा जाळायची मिरवणूक, तिचीही पत्रकं. निरपराध कॅथलिक लोक फासावर गेले, शेवटी जुलै १६८१ मध्ये आयर्लंडचे आर्चबिशप ऑलिव्हर प्लंकेट. हे रक्त कोणाच्या हातावर? शाईवाल्या हातांवर थोडं तरी आहेच ना?

आणि तेव्हा हे खोटं आहे असं छापून म्हणायची हिंमत ज्या थोड्यांनी केली त्यात पुढे कोण होता, तर लेस्ट्रेंजच. १६८० च्या मिरवणुकीत त्याचाही पुतळा जाळला, चित्रांत त्याला टाउझर नावाचा कुत्रा करून दाखवायचे, त्याला देश सोडून पळावं लागलं. परत येऊन एप्रिल १६८१ पासून त्याने ऑब्झर्वेटर नावाचं नियतकालिक काढलं, १६८७ पर्यंत ९३१ अंक. एकट्या माणसाने.

रानफूल
@स्पष्टच_बोलतो प्रतिसाद आवडला, कारण ओट्सचं काय झालं हेही सांगायला हवं. मे १६८५ मध्ये खोटी शपथ घेतल्याबद्दल शिक्षा, ऑल्डगेटपासून न्यूगेटपर्यंत फटके, एक दिवस सोडून न्यूगेटपासून टायबर्नपर्यंत (जिथे फाशी द्यायचे) फटके, जन्मठेप आणि दरवर्षी खोड्यात उभं करायचं. आणि राज्य बदलल्यावर नवा राजा विल्यमने त्याला सोडला, वर पेन्शन! मेलेल्यांच्या घरच्यांना काय वाटलं असेल.

ऑब्झर्वेटरबद्दल एक गंमतीची नाही पण महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो सगळा संवादाच्या रूपात होता. आधी प्रश्न आणि उत्तर, मग व्हिग (राजाच्या सत्तेला आवर घालू पाहणारा गट) आणि टोरी (राजाच्या बाजूचा गट) अशी दोन पात्रं एकमेकांशी वाद घालतात. अवघड राजकारण ज्याला नीट वाचता येत नाही त्यालाही कॉफीहाउसात कोणी मोठ्याने वाचून दाखवलं की कळेल. दोन माणसं भांडताना ऐकायला सगळ्यांनाच आवडतं, हे त्याने बरोबर ओळखलं होतं.

जुळारीनात
@स्पष्टच_बोलतो राग अजिबात नाही, उलट हा मुद्दा मला रात्रभर छळत होता. शाईवाल्या हातांवर रक्त होतंच, काही मुद्रकांनी ओट्सच्या नावावर पैसे केले. पण बघा, परवानगीचा कायदा १६८५ मध्ये पुन्हा आला म्हणून खोटं थांबलं का? जून १६८८ मध्ये कॅथलिक राजा दुसऱ्या जेम्सला मुलगा झाला तर लोकांनी पसरवलं की मूल राणीचं नाहीच, अंथरूण गरम करायच्या भांड्यातून बाहेरून आणून ठेवलं. कायदा लागू असताना हे घराघरांत गेलं. त्याच्या आदल्याच महिन्यात सात बिशपांनी राजाला दिलेला अर्ज, जो फक्त राजाच्या हातात द्यायचा होता, तो त्याच रात्री छापून लंडनच्या रस्त्यावर विकला जात होता! छापला कोणी, कळलं नाही. बिशपांवर खटला झाला, ज्युरीने ३० जूनला सोडलं. म्हणजे बंदीने खोटं बोलणारा थांबला नाही, फक्त तळाची ओळ गायब झाली. आणि ओळ गायब झाली की खोट्याला जाब विचारायलाही कोणी उरत नाही.

कॅथलिक लोकांचंच बोलायचं तर एलिझाबेथ सेलियर, सुईण, १६८० मध्ये तिने स्वतःच्या नावाने पुस्तिका काढली की न्यूगेट तुरुंगात कॅथलिक कैद्यांचे हाल करून त्यांच्याकडून हवं ते वदवून घेतात. स्वतः विकायलाही बसली. हजार पौंड दंड आणि तीनदा खोड्यात. लोक दगड मारत होते आणि ती हातातल्या लाकडी फळीने ते अडवत होती. लेस्ट्रेंजच्या ९३१ अंकांपेक्षा मला ती फळी जास्त आठवते.

स्पष्टच_बोलतो
सेलियरबद्दल माहीत नव्हतं. तळाच्या ओळीचा मुद्दा पटला. पण सुरुवातीच्या युद्धाच्या भीतीबद्दल माझं मत कायम.

टेम्सकाठची
मी लंडनला राहते, धागा वाचून शनिवारी मुद्दाम क्लॉथ फेअरला जाऊन आले. सेंट बार्थोलोम्यूच्या जुन्या चर्चला लागूनच अरुंद गल्ली आहे, पलीकडे स्मिथफील्डचा बाजार. मी अर्धा तास तिथे उभी होते. पहाटे चारला लाकडी प्रेसचा आवाज त्या गल्लीत किती दूर जात असेल याचा विचार करत होते. इतकी चिंचोळी जागा आहे की लपवणं शक्यच नव्हतं, शेजारपाजारच्या सगळ्यांना माहीत असणार.

कॉफीहाउसबद्दल वर कोणी म्हटलं म्हणून सांगते, सरकारने २९ डिसेंबर १६७५ ला हुकूम काढला की १० जानेवारीपासून सगळी कॉफीहाउसं बंद. एवढा गोंधळ झाला की ८ तारखेला हुकूम मागे. छापखाने वीस ठेवता येतात, पण वाचून दाखवणारी तोंडं कशी मोजणार.

उमाळे
बायकांबद्दल अजून लिहा ना कोणीतरी.

रानफूल
@उमाळे पत्रकं रस्त्यावर विकणाऱ्यांत बायका खूप होत्या, त्यांना मर्क्युरी म्हणायचे. विधवा झालेली बाई नवऱ्याचा छापखाना चालवू शकायची, म्हणून तळाच्या ओळींत बायकांची नावं दिसतात. एलिझाबेथ कॅल्व्हर्ट, जाइल्स कॅल्व्हर्टची बायको, राजाविरुद्धच्या पुस्तिकांसाठी १६६० च्या दशकात पुन्हापुन्हा तुरुंगात गेली आणि सुटली की पुन्हा तेच. आणि माझी सगळ्यात आवडती टेस सोल. क्वेकर पंथाचा मुद्रक अँड्र्यू सोल, त्याची मुलगी, १६९१ मध्ये तिने वडिलांचा छापखाना हातात घेतला आणि पुढे अर्धशतकाहून जास्त त्या घराण्याचं काम चालवलं. ती उत्तम जुळारी होती असं समकालीन लिहून गेलाय. क्वेकरांची शिस्त अशी की १६७३ पासून त्यांची एक सभा दर आठवड्याला बसायची आणि पंथाच्या नावाने जाणारा प्रत्येक मजकूर आधी वाचायची, काय छापायचं काय नाही ते ठरवायची.

जुळारीनात
टेस सोलबद्दल वाचून डोळे भरून आले खरंच. आमच्याकडे आजीला खिळे वेगळे करायला बसवायचे (छापून झाल्यावर अक्षरं परत आपापल्या खणात टाकायची), जुळवायला कधीच नाही. ते मोठं काम, पुरुषांचं. आणि तीनशे वर्षांपूर्वी ही बाई.

कोकणस्थलांतरित
थोडं अवांतर पण आपल्याशी खराखुरा संबंध आहे म्हणून. याच काळात सुरतेचा व्यापारी भीमजी पारेख याने ईस्ट इंडिया कंपनीकडे १६७० मध्ये मागणी केली की छपाई येणारा माणूस पाठवा, मला आपल्याकडचे जुने ग्रंथ छापायचेत. १६७४ मध्ये कंपनीने हेन्री हिल्स नावाचा मुद्रक मुंबईला पाठवला, वर्षाला ५० पौंड पगार. म्हणजे ज्या वर्षी रायगडावर राज्याभिषेक झाला त्याच वर्षी मुंबईत प्रेस, कागद आणि मुद्रक उतरला. पण आपल्या अक्षरांचे खिळे पाडायला त्याला येत नव्हतं, तो छापणारा, खिळे ओतणारा नव्हे, आणि तो बेत तिथेच अडला. लंडनमध्ये प्रेस जास्त झाले म्हणून मोजत बसले होते आणि इथे खिळ्यांअभावी एक पान निघालं नाही.

जुळारीनात
@कोकणस्थलांतरित अवांतर कसलं, हे तर धाग्याच्या पोटातलं आहे! आजोबा असते तर खिळे कोणी का नाही ओतले यावर तासभर बोलले असते.

पेठेतला_वाचक
मग शेवटी हा कायदा गेला कसा? मिल्टन, लॉक वगैरेंच्या विचारांमुळे ना?

कायदेपंडित_नाही
@पेठेतला_वाचक इथेच खरी गोष्ट आहे. १६८८-८९ च्या क्रांतीने (दुसऱ्या जेम्सला हटवून विल्यम गादीवर आला ती) कायदा गेला नाही, हे लोक विसरतात. धर्माच्या बाबतीत १६८९ चा सहिष्णुता कायदा आला, तोही कॅथलिकांना आणि त्रिमूर्ती न मानणाऱ्यांना वगळून, पण छपाईवर तोच जुना कायदा आणखी सहा वर्षं. जून १६९३ मध्ये विल्यम अँडर्टन या मुद्रकाला पदच्युत राजाच्या बाजूची पत्रकं छापली म्हणून टायबर्नला फाशी दिली. छापणं ही राजद्रोहाची कृती होत नाही असा त्याचा बचाव, ज्युरीही अडखळली होती. ट्विननंतर एकोणतीस वर्षांनी, दुसरं सरकार, दुसरी बाजू, शिक्षा तीच.

कायदा संपला ३ मे १६९५ ला, आणि तोही रद्द केला नाही, नूतनीकरण केलं नाही एवढंच. संसदेच्या कॉमन्स सभागृहाने लॉर्ड्स सभागृहाला जी कारणं लिहून दिली, अठरा मुद्दे, त्यात छपाई स्वातंत्र्य हा मानवाचा हक्क वगैरे काही नाही. परदेशातून आलेल्या पुस्तकांची पेटी अधिकारी येईपर्यंत कस्टममध्ये उघडता येत नाही म्हणून पुस्तकं खराब होतात, स्टेशनर्स कंपनीची (लंडनच्या मुद्रक आणि पुस्तकविक्रेत्यांचा संघ) मक्तेदारी, घरांत घुसून झडती, आणि कायद्यात 'आक्षेपार्ह' हा शब्द आहे पण म्हणजे काय ते सांगितलेलं नाही. लॉकने आपल्या मित्राला, एडवर्ड क्लार्क या खासदाराला जे टिपण लिहून दिलं त्यातही जुन्या लॅटिन लेखकांच्या चांगल्या आवृत्त्या मक्तेदारीमुळे मिळत नाहीत अशी तक्रार आहे. त्याच वर्षी फ्लाइंग पोस्ट, पोस्ट बॉय, पोस्ट मॅन ही वृत्तपत्रं निघाली, आणि विल्यम बॉनी नावाचा मुद्रक लंडन सोडून ब्रिस्टलला गेला. बदनामी आणि राजद्रोहाचे कायदे मात्र तसेच राहिले, छापल्यावर पकडायचे.

स्पष्टच_बोलतो
म्हणजे कुजणाऱ्या पुस्तकांच्या पेटीने काम केलं जे तत्त्वज्ञानाने केलं नाही. मला हे फार पटतं.

टेम्सकाठची
मला वाटतं दोन्ही. अठरा मुद्द्यांतला 'झडती' हा शब्द ज्यांच्या घरात पहाटे चारला लोक घुसले त्यांच्यामुळेच लोकांना समजत होता.

जुळारीनात
@टेम्सकाठची हो, मलाही हेच म्हणायचं होतं आणि शब्द सापडत नव्हते.

लॉकने सहिष्णुतेवरचं पत्र आणि राज्यसत्तेवरचे दोन निबंध निनावी काढले, ते आपले आहेत हे १७०४ मध्ये मृत्युपत्रात लिहून ठेवलं. रॉबर्ट फर्ग्युसनने दर कटात पत्रकं लिहिली, दर वेळी निसटला आणि १७१४ मध्ये आपल्या मरणाने मेला. मी त्यांना दोष देत नाही, नाव झाकल्याशिवाय ते विचार बाहेरच आले नसते. पण कोणाला तरी खिळे जुळवावे लागले, प्रूफ काढावं लागलं, तोवर दाराकडे कान ठेवावा लागला.

@टेम्सकाठची पुन्हा कधी त्या गल्लीत गेलात तर एक काम कराल का, जॉन ट्विनच्या नावाची पाटी वगैरे काही आहे का तेवढं बघाल?

टेम्सकाठची
पुढच्या शनिवारी जाते. चर्चमध्येही विचारते.